चुन्याखालची वेलबुट्टी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की पूर्वी आपल्या गावांतून घरोघर भिंतींना चुन्याचा हात दिला जाई. रांजणात कळीचा चुना टाकून त्यावर पाणी ओतले की तो रटरटून उकळे. निवला म्हणजे त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालीत, आणि कुंच्याच्या फराट्यांनी ओटीपासून माजघरापर्यंत सारे घर दोन दिवसांत पांढरे होई. वर्षभराचा चुलीचा धूर, समईच्या तेलाचे डाग, पोराबाळांनी कोळशाने ओढलेल्या रेघोट्या, सगळे त्या चुन्याखाली जाई. त्याच चुन्याखाली आणखीही काही गेले आहे. आणि जे गेले आहे ते कित्येक ठिकाणी नष्ट न होता नुसते झाकलेले आहे. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा आजचा हेतू.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते विलायतेतील एका छंदामुळे. तिकडे घराच्या भिंतींना नक्षीदार कागद चिकटविण्याची चाल तीन-चारशे वर्षांची आहे. एक कागद जुना झाला की तो न काढता त्यावरच दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थरावर थर चढत जातात. घराची डागडुजी निघाली, एखादे कपाट हलविले, जिन्याखालची फळी काढली, की त्यामागे पणजोबांच्या काळातील कागदाचा तुकडा मूळ रंगांसह सापडतो. तिकडचे जाणते लोक असा तुकडा फाडून फेकीत नाहीत. तो वाफेने हळूच सोडवितात, थर वेगळे करतात आणि त्यावरून त्या घराची कुळकथा लावतात. इंग्लंडात १७१२ साली या कागदावर कर बसला आणि तो १८३६ साली उठला. मधल्या काळातील कागदांच्या पाठीवर कधी कधी करवसुलीचा शिक्का आढळतो, आणि मग काळ ठरविणे सोपे जाते. सरकारचा कर असाही उपयोगी पडतो, हे करदात्यांनी समाधानासाठी लक्षात ठेवावे!

या कागदावरील नक्षीचे आपल्याशी एक जुने नाते आहे. सतराव्या शतकात आपल्या देशातील, विशेषतः मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावरील आणि गुजरातेतील, छिटाची कापडे युरोपात गेली. फुलांनी लवलेली झाडे, वळणे घेत जाणाऱ्या वेली, पानाआड बसलेले पक्षी असे ते छीट तिकडे इतके आवडले की तेथील विणकरांचा धंदा बसू लागला. फ्रान्सने १६८६ साली अशा कापडावर बंदी घातली. इंग्लंडने प्रथम आयात अडविली आणि १७२१ साली ते वापरण्यासही मनाई केली. परंतु डोळ्यांना लागलेली गोडी कायद्याने सुटत नाही. अठराव्या शतकातील कागद छापणाऱ्यांनी छिटाच्याच धर्तीची नक्षी लाकडी ठशांनी कागदावर उतरविली आणि आमची वेल तिकडच्या भिंतीवर चढली. छीट या शब्दावरूनच इंग्रजांनी आपला ‘चिंट्झ’ हा शब्द घडविला.

मग ज्या देशाची नक्षी, त्या देशात हा कागद का रुजला नाही? कारण अगदी साधे आहे. कागद चिकटतो तो पिठाच्या खळीने. आपल्या पावसाळ्यात खळीला बुरशी येते, आणि खळ व कागद ही दोन्ही वाळवीची आवडती पक्वान्ने होत. शिवाय आपली जुनी भिंत माती, वीट आणि चुना यांची. ती जमिनीतील ओल शोषते आणि पुन्हा हवेत सोडते. जुने गवंडी म्हणत की भिंत श्वास घेते. अशा भिंतीवर कागद डकविणे म्हणजे धावत्या माणसाचे नाक दाबणे होय. म्हणून आपल्याकडे नक्षी कागदावर न उमटता थेट गिलाव्यावर उमटली.

हा गिलावा म्हणजे काही ऐरागैरा पदार्थ नव्हे. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूसह बैलाच्या घाणीत दळून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, तागाचे धागे असे जिन्नस घालून गिलावा तयार करीत. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतील कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. चुनखडीपासून निघून चुनखडीशीच पोचण्याचा हा प्रवास आहे. शेवटचा हात अतिशय बारीक चुन्याचा देऊन तो गुळगुळीत दगडाने इतका घोटीत की भिंतीला तुकतुकी येई.

त्या तुकतुकीत भिंतीवर चितारी काम करी. त्याची रंगपेटी आपल्या ओळखीची आहे: तांबड्यासाठी गेरू आणि हिंगूळ, पिवळ्यासाठी पिवडी आणि हरताळ, काळ्यासाठी काजळ, निळ्यासाठी नीळ, हिरव्यासाठी जंगाल, पांढऱ्यासाठी चुना किंवा खडू. ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर चुना दगड होताना रंगाला आपल्या पोटात घेतो आणि तो सहसा धुऊन जात नाही. परंतु मराठी वाड्यांतील पुष्कळसे काम वाळलेल्या भिंतीवर, रंगात डिंक कालवून केलेले आहे. त्याने बारीक रेघ सुरेख उतरते. मात्र पाणी लागले की डिंक सुटतो आणि रंगही सुटतो. हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे येणारी एक दुःखद गोष्ट त्यावरच अवलंबून आहे.

उत्तर पेशवाईत अशा कामाला मोठा बहर आला. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या आतील भिंतींवर देवदेवतांची आणि प्रसंगांची चित्रे आहेत. वाईला रास्त्यांच्या मोतीबागेत, साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात आणि नाशिक जिल्ह्यातील चांदवडला होळकरांच्या रंगमहालात असे काम पाहावयास मिळते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत भस्म झाला. तरी दिल्ली दरवाज्याच्या आत गणपती आणि शेषशायी यांच्या चित्रांच्या पुसट खुणा उरल्या आहेत. आपल्या कऱ्हाकाठी, मोरगावहून फार दूर नसलेल्या पांडेश्वरच्या देवळातही भिंतींवर मराठी वळणाची चित्रे आहेत.

पाहणाऱ्याची नजर सहसा देवांच्या आणि सरदारांच्या चित्रांकडे जाते. आमचा आजचा विषय त्या चित्रांच्या भोवतालचा आहे. कोनाड्याच्या महिरपीवरून फिरलेली वेल, दोन कोनाड्यांमधील फुलदाणी, तुळईखालचा कमळपाकळ्यांचा पट्टा, दारावरच्या गणेशपट्टीशेजारचे पोपट, मोगलांच्या बागेतून आपल्याकडे आलेले सुरूचे झाड, आणि जमिनीलगतचा गेरूचा जाड पट्टा, हे सारे म्हणजे आपला भिंतीचा कागद. त्यात प्रत्येक वस्तूला तिची जागा ठरलेली असते. खालचा पट्टा गडद, कारण तेथे पाठी टेकतात आणि सारवणाचे शिंतोडे उडतात. मधली भिंत मोकळी, कारण तेथे लोड-तक्के आणि माणसे शोभावयाची. वरचा पट्टा नाजूक, कारण बसल्या माणसाची नजर विसाव्याला तेथेच जाते. सजावटीमागे असा व्यवहार असतो.

आणि ही हौस केवळ सरदारांची होती असे मुळीच नाही. पांढरीच्या मातीच्या साध्या धाब्याच्या घरातही लक्ष्मीच्या हातांनी चुलीमागे, उंबऱ्यावर, तुळशीवृंदावनावर गेरू आणि चुन्याची बोटे उमटत होतीच. फरक एवढाच की ती बोटे दरसाल पुसली जात आणि दरसाल नव्याने उमटत. वाड्यातील वेल एकदा उमटे आणि मग तिच्यावर चुना बसे.

पण इतकी नक्षी होती तर ती चुन्याखाली गेली कशी? कोणी द्वेषाने झाकली असे फारसे नाही. वाड्याचे उत्पन्न गेले, घरात वाटण्या झाल्या, एका दिवाणखान्याचे तीन बिऱ्हाडांत भाग पडले. जेथे मेजवान्या झडत तेथे चूल पेटली. धुराने काळवंडलेली वेल पुन्हा रंगवून घ्यावयास चितारी राहिला नव्हता आणि त्याला द्यावयास पैसाही नव्हता. चुना मात्र स्वस्त होता. कित्येक मोठे वाडे सरकारी कचेऱ्यांकडे किंवा शाळांकडे गेले, आणि कचेरीची भिंत पांढरी असावी असा जणू नियमच आहे. १८०० सालापासून १९५० पर्यंत दरसाल एकच हात धरला तरी दीडशे हात होतात.

आता गंमत पाहा. ज्या चुन्याने नक्षी झाकली, त्यानेच ती राखली. चुन्याचा हात हा कागदाइतका पातळ दगडी पापुद्रा असतो. त्यातून भिंतीचा श्वास चालू राहतो. पण धूर, ऊन, माश्या आणि मुलांची नखे खालच्या रंगापर्यंत पोचत नाहीत. शिवाय खालची भिंत घोटून तुकतुकीत केलेली असल्यामुळे पुढचा चुना तिला फार घट्ट धरीत नाही. काही वर्षांनी त्याचे पोपडे निघतात आणि एखाद्या पोपड्याखालून एक लाल पाकळी अकस्मात डोकावते. पुण्यात शनिवारवाड्यानजीकचा नाना फडणविसांचा वाडा याचे उत्तम उदाहरण होय. तेथे पुढे शाळा भरत असे. वाड्याचे जतन करण्याचे काम निघाले तेव्हा दिवाणखान्यात नंतरच्या रंगांच्या थरांखालून पेशवाई चित्रकाम उघडे झाले. ज्या भिंतीकडे पाठ करून पोरांनी पाढे घोकले, त्या भिंतीत एवढे धन होते!

इंदापूरकरांना हा अनुभव दुसऱ्या रूपाने परिचित आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरते त्या उन्हाळ्यात पळसनाथाचे देऊळ वर येते आणि आसपासची माणसे ते पाहावयास लोटतात. देऊळ तेथे नेहमीच असते. पाणी हटले म्हणजे आपल्याला दिसते इतकेच. भिंतीवरच्या नक्षीचेही तसेच आहे. मात्र पाणी आपोआप हटते, चुना हटवावा लागतो. आणि तो हटविण्यातच सारी मेख आहे.

येथे आम्हांला आमचा स्वतःचा एक अपराध कबूल करावयाचा आहे. आमच्या आजोळच्या घराच्या माजघरात एक भिंत फुगली होती. सणाला घर नीट करावे म्हणून आम्ही दोघा-तिघांनी थापी घेऊन ती खरवडावयास सुरुवात केली. हातभर पोपडा एकदम सुटला आणि आत तांबूस पट्टा, त्यावर हिरवी पाने आणि एका पक्ष्याची मान दिसली. आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरात आम्ही जे करू नये तेच केले. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून ओल्या फडक्याने पुसले. पहिल्या पुसण्याला रंग उजळला, दुसऱ्याला फडके हिरवे झाले, तिसऱ्याला भिंत कोरी झाली. घरातील सर्वांत वृद्ध बाई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “अरे, माझ्या सासूबाई सांगायच्या, भिंतीत मोर आहे म्हणून.” तो मोर होता की पोपट हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दीडशे दिवाळ्यांनी जे केले नाही, ते आमच्या तीन हातांनी केले.

म्हणून आमची विनंती अशी की आमच्या चुकीचा फायदा इतरांनी घ्यावा. जुनी भिंत खरवडण्यापूर्वी तीन ठिकाणी पाहावे: कोनाड्याच्या आतल्या बाजूस, दाराच्या चौकटीलगत आणि तुळईच्या खाली. नक्षी बहुधा तेथेच अधिक असते आणि हात कमी लागलेला असतो. भिंतीला तिरका उजेड दाखविला तर झाकलेल्या रंगाचे उंचवटे पुष्कळदा सावलीने दिसतात. शंका आली तर पोस्टकार्डाएवढीच जागा घ्यावी आणि धारदार पातळ पात्याने, कोरडेपणाने, वरून एकेक थर उचलावा. प्रत्येक थर पायरीसारखा थोडा थोडा शिल्लक ठेवावा, म्हणजे कोणता रंग कोणाच्या वर होता याचा पुरावा राहतो. पाणी, सोडा, आम्ल आणि तारेचा ब्रश यांना त्या भिंतीजवळ येऊ देऊ नये. नाकाला फडके बांधावे. जुन्या हरताळात सोमल असतो, शेंदरात शिसे आणि हिंगुळात पारा, तेव्हा ती धूळ पोटात जाणे बरे नव्हे. नक्षी निघालीच तर तेथे थांबावे, फोटो घ्यावे, पट्टी लावून मापे लिहून ठेवावी आणि पुढचे काम जाणत्या माणसाच्या हाती द्यावे. वेळ, पैसा किंवा जाणता माणूस मिळत नसेल तर ती जागा पुन्हा तशीच राहू द्यावी. उघडून नासविण्यापेक्षा झाकून राखणे शतपटीने चांगले.

थरांचा काळ थोडाफार आपल्यालाही ओळखता येतो. सफेतीत घालावयाची कारखान्यातील निळी पूड युरोपात १८२८ च्या सुमारास प्रथम तयार झाली. तेव्हा तिची छटा असलेला थर त्यापूर्वीचा असू शकत नाही. चकचकीत तैलरंगाचा थर त्याहून अलीकडचा. एकच नक्षी हातभर अंतराने अगदी हुबेहूब पुन्हा उमटली असेल तर ती पत्र्याच्या किंवा जाड कागदाच्या कोरलेल्या छापातून भरलेली असावी. दोन पाने कधीच सारखी नसतील तर ती हाताची. भिंत अशी बोलू लागते, फक्त तिला उलट्या क्रमाने वाचावी लागते, शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे.

ही घाई कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या तालुक्यांच्या भरभराटीतच आहे. बारामती आणि इंदापूर हा मूळचा कमी पावसाचा मुलूख. कोरडी हवा डिंकाच्या रंगाला मानवते. नीरेच्या डाव्या कालव्याने येथे पाणी आणले, उसाने पैसा आणला आणि पैशाने सिमेंट आणले. हे सारे चांगलेच झाले. तहानलेल्या मुलखाला पाणी मिळाले याचे दुःख कोण करील? परंतु सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग जुन्या भिंतीचा श्वास कोंडतात. आत अडकलेली ओल क्षार घेऊन बाहेर येऊ पाहते, भिंतीला लोणा लागतो, आणि मग चुना, रंग आणि नक्षी ही सगळीच एकत्र ढासळतात. चुन्याने झाकलेले परत मिळते, सिमेंटने झाकलेले बहुधा मिळत नाही. आणि जेथे वाडाच पाडून इमला उठतो तेथे तर प्रश्नच मिटला. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने एका दिवसात कित्येक वाडे नेले. तो पूर तरी सर्वांना दिसला. एकेक वाडा एकेक करून जाण्याचा पूर कोणाला दिसत नाही.

कायद्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा रक्षण करतो तो जाहीर केलेल्या स्मारकांचे. पेठेतल्या खाजगी घराच्या माजघरात कोणता कायदा डोकावणार? तेथे घरमालक हाच पुराणवस्तू खाते, गवंडी हाच अधिकारी आणि घरातील म्हातारी हेच दप्तर.

बारामतीला कऱ्हाकाठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. हे नाईक पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. त्यांच्या बंधूंना बाजीरावसाहेबांची बहीण भिऊबाई दिली होती. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंतांनी या गावी आयुष्य घालविले आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. पुढे या वाड्यात वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्या होत्या. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. या मोठ्या वास्तूंकडे आज लोकांचे लक्ष आहे, ही आनंदाची गोष्ट होय. आमची काळजी आहे ती त्यांच्या सावलीतील लहान घरांची. आर्येतील एक मात्रा चुकली तर मोरोपंतांचा वाचक अस्वस्थ होतो. मग त्याच गावातील भिंतीवरील एक अख्खी वेल थापीखाली जाताना आपण स्वस्थ का राहावे? तीही कोणाची तरी मात्रा मोजून केलेली रचनाच आहे. फक्त तिच्या कर्त्याने खाली नाव घातलेले नाही.

तेव्हा येत्या दिवाळीला कोणी भिंत खरवडावयास काढील, तर आधी घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: “या भिंतीत काही होते का हो?” उत्तर ‘नाही’ आले तर खुशाल खरवडावे. ‘होते’ असे आले तर थापी बाजूला ठेवावी, आणि ओले फडके तर अगोदर घराबाहेर ठेवावे.